व्याजदर किती असावा? कारणांसह लिहा

३ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुमचा फोन बंद आहे म्हणून पत्र लिहिते. आई म्हणते, बंद नाही, तो उचलत नाही. दादा म्हणतो, उचलत नाहीत असं नव्हे, चार्जच करत नसणार. मला यातलं काही माहीत नाही. पत्र दाराखालून आत पडेल आणि कधीतरी तुमच्या पायाखाली येईल एवढं नक्की.

कामाचंच लिहिते. आम्हाला शेवटच्या वर्षी एक मोठा रिपोर्ट लिहावा लागतो. माझा विषय असा: 'सध्याच्या परिस्थितीत मध्यवर्ती बँकेने व्याजदर वाढवावा, कमी करावा की आहे तोच ठेवावा? कारणांसह लिहा.' मी इतकी कारणं लिहिली की सरांनी रिपोर्ट आधी हातात तोलून पाहिला. मग परत दिला. शेवटच्या पानावर लाल शाईत एकच ओळ होती: 'दोन्ही बाजू उत्तम. तुमची कुठली?' आम्ही त्यांना पण-सर म्हणतो, कारण ते प्रत्येक समासात 'पण?' लिहून ठेवतात.

रिपोर्ट एकदाच सुधारून देता येतो. या वेळी नापास झाले तर पूर्ण वर्ष पुन्हा करायचं. जूनपासून मला एका संशोधन संस्थेत नोकरी मिळाली आहे, ती या निकालावर अडकली आहे. वर्ष गेलं की तीही गेली.

तुम्ही इतकी वर्षं बँकेत बसून व्याजदराची निवेदनं लिहिलीत. मामी म्हणायची, आमच्या घरात असा एक माणूस आहे जो वाढ आणि कपात एकाच चेहऱ्याने सांगतो. मला चेहरा नको, बाजू हवी आहे. मदत कराल का?

मामी गेल्यापासून आपण बोललो नाही. काय बोलायचं ते कळत नव्हतं. अजूनही कळत नाही. पण व्याजदराचं खरोखरच कळत नाही.

तुमची,
भिंगरी


९ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र मिळालं. फोन चार्ज केलेला असतो. लोक फोन करतात आणि खालच्या आवाजात 'कसे आहात' असं विचारतात. त्याला काय उत्तर द्यावं ते सुचत नाही. पत्र बरं पडतं.

मी ठीक आहे. जेवण वेळेवर होतं. मामीच्या दुकानात काही चष्मे तयार होऊन पडले होते, ते मी ज्याच्या त्याच्या घरी नेऊन दिले. एक गृहस्थ म्हणाले, नंबर चुकलेला दिसतो. मी म्हणालो, चुकला नसेल. त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला आणि म्हणाले, हां, आता बरोबर. तिथे मी जरा जास्त वेळ उभा राहिलो असं नंतर वाटलं.

तुम्ही सगळे माझी काळजी घेता. भावोजींनी त्यांचं करविवरण तपासायला पाठवलं होतं. ते आधीच भरून झालेलं होतं, पोचपावती मागे टाचलेली होती. मी तपासून परत पाठवलं. तुझ्या दादाने माशांची टाकी दिली. मासे अजून आहेत. ते बोलत नाहीत, त्यामुळे आमचं जमतं. आता तुझा रिपोर्ट आला आहे. तो खरा आहे असं धरून उत्तर देतो.

मी बँकेत काय करत होतो ते सांगतो. समितीच्या बैठकीच्या आधी माझ्याकडे तीन निवेदनं तयार असत. एक वाढीचं, एक कपातीचं, एक 'जैसे थे'चं. तिन्हींतली कारणं पक्की. समिती आत बसून जे ठरवी ते निवेदन बाहेर जाई. उरलेली दोन मी फाडून टाकत असे. एका वर्तमानपत्राने एकदा लिहिलं होतं की बँकेपुढे दुसरा पर्यायच नव्हता. दुसरा आणि तिसरा तेव्हा माझ्या केराच्या टोपलीत होते.

म्हणजे बाजू घेण्याच्या कामाला माझ्याइतका निरुपयोगी माणूस तुला शोधून मिळणार नाही. पद्धत मात्र सांगता येईल. आपल्याला न पटणारी बाजू आधी लिहावी. ती इतकी चांगली लिहावी की आपल्यालाच धास्ती वाटावी. मग तिच्यात भोक कुठे आहे ते शोधावं. भोक सापडलं तर आपली बाजू ठरली. नाही सापडलं तर तीच आपली बाजू, असं मानून गप्प बसावं.

तुझ्याकडे कोणते आकडे आहेत ते कळव. प्रकृतीला जप.

मामा


१४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

'खरा आहे असं धरून' वाचून खूप हसले. अर्थशास्त्रात सगळंच काही ना काही धरून चालतं. निवृत्त झालात तरी तुमची सवय गेली नाही.

आता आकडे. महागाई वाढली आहे, पण सगळ्याच गोष्टींची नाही. सिमेंट, कागद, खाद्यतेल, म्हणजे बंदरातून येणारा माल. बंदराच्या रस्त्यावरचा मोठा पूल खचला तेव्हापासून ट्रक डोंगराला वळसा घालून येतात, आणि ते भाडं शेवटी आपल्याच माथी. पगार फारसे वाढलेले नाहीत. कर्ज काढणारे कमी झालेत.

मी माणसांनाही विचारलं. आमच्या कोपऱ्यावरचा छापखानेवाला म्हणाला, "कागद महाग झालाय, त्यात हप्ता वाढला तर मशीन विकून घरी बसतो. मग तुमचे रिपोर्ट कोण छापणार?" घरमालकीणबाई म्हणाल्या, "माझे पैसे बँकेत झोपलेत गं. दर वाढायलाच हवा." मला दोघांचंही पटलं. खोलीत माझ्याबरोबर एक डॉक्टरकी शिकणारी मुलगी राहते. ती म्हणाली, "तू भांडणात पडलीस तर दोन्ही बाजूंचा मार खाशील आणि दोघांचे आभारही मानशील."

मामा, तुमच्या त्या तीनपैकी एखादं निवेदन लिहून पाठवाल का? कुठल्याही बाजूचं चालेल. समोर काहीतरी ठाम असलं की मला पुढचं सुचेल. २८ तारखेच्या आत रिपोर्ट द्यायचा आहे.

मामीला तुमचं 'एकंदर परिस्थिती पाहता' तोंडपाठ होतं ना? भाजीवाल्याशी घासाघीस करतानासुद्धा म्हणायची.

भिंगरी


२० फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

निवेदन लिहिलं आहे. वाढीची बाजू घेतली. वेळ बरा गेला, हे ताईला सांगायला हरकत नाही.

'एकंदर परिस्थिती पाहता दर एक टक्क्याने वाढवणे हिताचे आहे. महागाई सातत्याने वर जात असून ती लोकांच्या अंगवळणी पडण्यापूर्वीच पाऊल उचलले पाहिजे. वस्तू महागतात याचा अर्थ त्यांच्यामागे धावणारा पैसा जास्त झाला आहे. कर्ज महाग केले की खरेदी मंदावते, खरेदी मंदावली की विक्रेता भाव उतरवतो. यात कर्जदाराची काही काळ गैरसोय होईल. परंतु आजवर ठेवीदाराने सोसलेल्या गैरसोयीची दखल कोणी घेतलेली नाही. आता थांबणे म्हणजे पुढे दुप्पट वाढ करण्याची वेळ ओढवून घेणे होय. आजची कठोरता ही उद्याच्या स्थैर्याची किंमत आहे.'

अशी एकूण चार पानं आहेत, सोबत जोडली आहेत. शेवटचं वाक्य मला पूर्वीपासून आवडत नाही, पण ते सगळ्यांना आवडतं.

कुठे काही खटकलं तर कळव. मुद्दाम सांगतो, नीट वाच.

मामा


२६ फेब्रुवारी

प्रिय मामा,

दिला! आजच दिला. तुमची चार पानं मधोमध ठेवली आणि त्यांच्या पुढेमागे माझे आकडे लावले. एक वाक्यसुद्धा हलवलं नाही. आता कोणी 'तुमची बाजू कुठली' म्हणून दाखवावं. 'आजची कठोरता' हे वाक्य मी खोलीत मोठ्याने वाचलं तर डॉक्टरीण म्हणाली, हे ऐकून मलाच कर्ज फेडावंसं वाटतंय, आणि मी काढलेलंही नाही.

काल आईला फोनवर सांगितलं की मामांनी रिपोर्टला मदत केली. ती म्हणाली, "कसला रिपोर्ट?" तिला मी काही बोललेच नव्हते. वर्ष जाण्याची भीती तिला सांगितली असती तर तिने थेट सरांना फोन लावला असता. मग म्हणाली, "म्हणजे तो तुला पत्र लिहितो? चार पानं?" आणि रडायला लागली. आनंदानेच. म्हणाली, बघ, सावरतोय हळूहळू.

खूप खूप आभार, मामा.

भिंगरी


१ मार्च

प्रिय भिंगरी,

हे कुरिअरने पाठवतो आहे. फोन केला होता, तुझा बंद लागला.

रिपोर्ट परत घेता येत असेल तर ताबडतोब घे.

माझी समजूत झाली होती की हा ताईचा बेत आहे. करविवरण झालं, मासे झाले, आता भाचीकडून अभ्यासाचं काम. म्हातारा रिकामा बसू नये म्हणून. त्यात वाईट काही नाही, पण आपल्याला खेळवलं जात आहे का हे मला पाहायचं होतं. म्हणून निवेदनात मुद्दाम एक भोक ठेवलं. पुलाचा उल्लेखच केला नाही. भाव वाढले ते पूल खचल्यामुळे, लोकांच्या हातात पैसा खुळखुळतो म्हणून नव्हे, हे तुझ्याच पत्रात होतं. कर्ज महाग करून पूल बांधला जात नाही. रिपोर्ट खरा असेल तर तू हे लगेच पकडशील आणि मला झाडशील, असा माझा हिशेब होता. एक वाक्यसुद्धा हलवलं नाही असं तू लिहिलंस, तेव्हा माझा संशय पक्का झाला. मग पुढच्या परिच्छेदात ताईचं ते 'कसला रिपोर्ट?' वाचलं.

तुझ्या वर्षाचा प्रश्न होता आणि मी तुझी परीक्षा घेत बसलो. याला कारण देता येईल असं वाटत नाही.

मामा


४ मार्च

मामा,

परत घेता येत नाही. सरांनी वाचलासुद्धा. तुमच्या पहिल्या परिच्छेदाशेजारी लिहिलंय, 'पण पूल?' दुसऱ्याशेजारी, 'पूल??' तिसऱ्याशेजारी नुसतं पुलाचं चित्र काढलंय, मधून तुटलेलं. १५ तारखेला तोंडी परीक्षेला बोलावलंय. तिथे बाजू सांभाळता आली तर पास, नाहीतर पुढच्या वर्षी मी पुन्हा याच वर्गात, याच बाकावर.

मला इतका राग आला की काल तुम्हाला तीन पत्रं लिहिली आणि तीनही फाडली. म्हटलं, चला, घराण्याची पद्धत तरी उचलली.

पण एक सांगायलाच हवं. मला पूल दिसला होता. पहिल्याच वाचनात. मी तर तो तुम्हाला कळवला होता, दिसणार नाही कसा? मला वाटलं, मामा चुकले. मामी गेल्यापासून लक्ष लागत नसेल. इतक्या दिवसांनी चार पानं लिहिली आणि त्यावर मी लगेच चूक काढायची? ते पुन्हा लिहिणंच सोडून देतील. मधेच असंही वाटायचं की इतकी वर्षं हेच काम केलेला माणूस आहे, माझ्याच डोक्यात शिरत नसेल. दोन्ही खरं वाटत होतं. मला नेहमीच दोन्ही खरं वाटतं. म्हणून तसंच दिलं.

म्हणजे तुम्ही मला पाहायला भोक ठेवलंत आणि मी तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून त्यावर पांघरूण घातलं. आता दोघं मिळून पडलोय त्यात.

काय करू ते सांगा. या वेळी खरं सांगा.

भिंगरी


६ मार्च

प्रिय भिंगरी,

पत्र दोनदा वाचलं. मी तुला खोटी समजत होतो आणि तू मला कामातून गेलेला समजत होतीस. एकमेकांना दुखवायचं नाही म्हणून दोघंही बोललो नाही, आणि एकमताने चुकीचा दर ठरवला. समित्या अशा चालताना मी पाहिल्या आहेत. आपल्या घरात पहिल्यांदाच पाहिली.

बाजू मी सांगणार नाही. सांगितली तर तू दया येऊन ती मान्य करशील किंवा रागाने नाकारशील. दोन्हीत तुझा विचार नसेल, आणि पण-सरांना ते लगेच कळेल.

शनिवारी इकडे ये. दोन दिवस राहा. मी पण-सर होतो, तू उत्तरं दे. मामीच्या टेबलावर भिंगांचे ट्रे होते ते उचलून कपाटात ठेवले आहेत, त्यामुळे समोरासमोर बसायला जागा झाली आहे. तिच्या खोलीतला दिवा जरा लुकलुकतो, तो बदलून ठेवतो.

येताना माशांचं खाणं घेऊन ये. इथलं संपलं आहे. मासे काही बोलत नाहीत, पण बघतात.

मामा


१९ मार्च

प्रिय मामा,

पास! आधी हे लिहिते, बाकी मग वाचा. वर्ष वाचलं, नोकरीही वाचली.

आता सगळं क्रमाने. तुमच्याकडून आले तेव्हा दोन दिवस तुमचं 'पण' ऐकून कान किटले होते. परीक्षेत सरांचं 'पण' ऐकल्यावर घरच्यासारखं वाटलं.

सरांनी विचारलं, "रिपोर्टात तुम्ही वाढ मागितली आहे. अजून तेच म्हणणं?" मी म्हटलं, "नाही." ते म्हणाले, "मग हे चार पानी काय आहे?" मी म्हटलं, "चांगली मांडलेली चूक आहे." सर खुर्चीत जरा पुढे सरकले.

मग मी मामीची गोष्ट सांगितली. तुम्ही त्या रविवारी सांगितलीत ती. ती डोळ्यांपुढची भिंगं बदलत विचारायची, 'हे स्पष्ट की ते?' आणि गिऱ्हाईक 'दोन्ही सारखंच' म्हणालं की थांबायची, नंबर सापडला म्हणून. मी म्हटलं, मला वाढीची आणि कपातीची बाजू सारखीच दिसते, याचा अर्थ दर आहे तिथेच बरोबर आहे. मला फार आवडलं होतं हे. सर म्हणाले, "पण गिऱ्हाईकाला मोतीबिंदू असेल तर? त्याला सगळीच भिंगं सारखी दिसतील."

मामा, हे आपल्या दोघांच्या डोक्यात आलं नव्हतं. मग एकदम वाटलं, अरे, हे तर माझ्याच बाजूने आहे! मी म्हटलं, "मोतीबिंदू आहेच सर. तो पूल. भिंग बदलून मोतीबिंदू जात नाही आणि दर वाढवून ट्रक सरळ रस्त्याने येत नाहीत. वाढवला तर छापखानेवाला मरेल आणि कागद तेवढाच महाग राहील. कमी केला तर आधीच तुटवडा असलेल्या मालामागे आणखी पैसा धावेल. म्हणून दर आहे तोच ठेवा. पण कायमचा नव्हे. पूल सुरू होऊनही भाव उतरले नाहीत, किंवा त्याआधीच पगार भावांमागे धावायला लागले, तर वाढवा. तसं झालं तर माझं चुकलं असं मी लिहून देईन."

सरांनी ते टिपून घेतलं. शेवटी म्हणाले, "पण हे रिपोर्टात का नाही?"

मग विचारलं, ती चार पानं कोणाची. मी खरं सांगितलं. त्याबद्दल गुण कापले, म्हणून रिपोर्टात काठावर आहे आणि तोंडीत चांगले आहेत. पण ते रागावले नाहीत. म्हणाले, "भाषा ओळखीची वाटलीच. मी दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना बँकेची जुनी निवेदनं देतो आणि सांगतो, लिहिणाऱ्याचं स्वतःचं मत शोधून काढा. आजवर कोणाला सापडलं नाही. मलाही नाही. विचारा तुमच्या मामांना, त्यांना मत होतं का?"

म्हणून विचारते. होतं का?

भिंगरी


२४ मार्च

प्रिय भिंगरी,

वर्ष वाचलं, फार आनंद झाला. मोतीबिंदूचं उत्तर मला सुचलं नसतं. मी आणखी दोन परिच्छेद लिहून तो मुद्दा टाळला असता.

सरांना सांग, मत होतं. दर वेळी होतं. निवेदनात ते यायला नको, ते माझं काम नव्हतं. बैठकीच्या दिवशी सकाळी चहा घेताना मामी विचारायची, "ते तिन्ही राहू दे. तुझं काय?" मी एका शब्दात सांगत असे. संध्याकाळी बातम्यांत निर्णय ऐकला की ती माझ्याकडे एकदा बघायची. कधी जुळायचं, बरेचदा जुळायचं नाही. दुकानात लोक तिला विचारत, तुमचे यजमान बँकेत आहेत, आता कर्ज काढू की थांबू? ती म्हणे, मला त्यातलं काही कळत नाही, तुम्ही खालची ओळ वाचा.

तिच्याशिवाय कोणाला कधी सांगितलं नाही. त्यामुळे सरांना तपासायला काही मिळणार नाही. माझं मत अमुक होतं असं आता मी म्हटलं, तरी हो किंवा नाही म्हणणारं कोणी नाही. हे तुझा प्रश्न वाचेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. लक्षात आल्यावर दिवसभर दुसरं काही झालं नाही.

काल ताईचा फोन आला. उचलला. तिने विचारलं, "कसा आहेस?" मी म्हणालो, "बरा नाही."

मला वाटलं, नीट समजावून सांगायला हवं, म्हणून सुरुवात केली की एकंदर परिस्थिती पाहता मुख्यतः तीन गोष्टी आहेत. पहिलीच अर्धी झाली होती तेवढ्यात ती म्हणाली, "कारणं राहू दे रे. मी निघते."

मामा